रेडिओ-नियंत्रित ट्रकसाठी किफायतशीर पर्यायी ट्रान्समीटरची निवड : एक विवेचन

सारांश

रेडिओ-नियंत्रित ट्रकचा ट्रान्समीटर निकामी झाला अथवा हरवला की सुस्थितीतील वाहनही निरुपयोगी ठरते. अशा वेळी बाजारातून कमीत कमी किमतीचा ट्रान्समीटर आणण्याकडे स्वाभाविक कल असतो. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, ट्रान्समीटर ही सुटी वस्तू नसून ती ट्रान्समीटर व रिसीव्हर अशा जोडीचा एक भाग आहे. म्हणून किफायतशीरपणाचा निर्णय ट्रान्समीटरच्या किमतीवरून न करता रिसीव्हरची किंमत, त्याची उपलब्धता आणि संपर्क तुटल्यावर वाहन थांबविण्याची सोय या तीन बाबींवरून करावा. त्यासाठी आवश्यक असलेली तांत्रिक पार्श्वभूमी, निवडीचे निकष, खर्चाचा हिशोब व जोडणीनंतरच्या चाचण्या यांचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : रेडिओ नियंत्रण, ट्रान्समीटर, रिसीव्हर, फेलसेफ, २.४ गिगाहर्ट्झ, खर्च-तुलना

१. प्रस्तावना

दूर अंतरावरून तारेविना वाहन चालविण्याची कल्पना शतकाहून अधिक जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओ-नियंत्रित होडीचे प्रात्यक्षिक दाखविले व त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना या शोधाचे अमेरिकी पेटंट मिळाले. छंदाच्या क्षेत्रात ही कल्पना रुजण्यास मात्र बराच काळ जावा लागला. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार बाजारात आणली आणि १९८७ मध्ये याच कंपनीचा 'क्लॉड बस्टर' हा मोठ्या चाकांचा ट्रक आला. २००८ मध्ये अमेरिकेतील ट्रॅक्सस कंपनीने 'स्लॅश' हा एकास दहा प्रमाणातील ट्रक सादर केला. या प्रकारच्या ट्रकची लोकप्रियता त्यानंतर झपाट्याने वाढली.

आपल्याकडे हा विषय केवळ हौशी मंडळींपुरता मर्यादित राहिलेला नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांत रेडिओ-नियंत्रित वाहनांच्या शर्यती भरतात. विज्ञान महाविद्यालयांतील छंद मंडळे व प्रकल्प विभाग अशी वाहने बाळगतात. विद्युत मोटार, गिअर, निलंबन व्यवस्था, बॅटरी आणि रेडिओ लहरी हे सर्व विषय एकाच उपकरणात प्रत्यक्ष हाताळता येत असल्याने त्यांचे शैक्षणिक मूल्य मोठे आहे. परंतु ट्रान्समीटर बिघडला की हेच वाहन कपाटात जाते, पुढे साठा नोंदवहीत केवळ एक नोंद म्हणून उरते आणि काही वर्षांनी निर्लेखनाच्या यादीत येते. वस्तुतः वाहनाचे इतर सर्व भाग सुस्थितीत असतात. थोड्या अभ्यासाने व माफक खर्चात त्याला पुनश्च कार्यान्वित करता येते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखामागील हेतू होय.

२. लेखाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) ट्रान्समीटर व रिसीव्हर यांच्यातील संबंध स्पष्ट करणे.
२) पर्यायी ट्रान्समीटर निवडण्याचे निकष महत्त्वाच्या क्रमाने मांडणे.
३) खरेदीच्या खर्चाची वास्तव तुलना कशी करावी हे दाखविणे.
४) नवीन संच जोडल्यानंतर करावयाच्या सुरक्षा चाचण्या सांगणे.

लेखाची व्याप्ती जमिनीवर चालणाऱ्या विद्युत ट्रकपुरती आहे. विमाने व ड्रोन यांचे नियम व गरजा भिन्न असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

३. नियंत्रण व्यवस्थेची रचना

रेडिओ-नियंत्रित ट्रकमध्ये आज्ञा चार टप्प्यांतून प्रवास करते. चालक ट्रान्समीटरचे चाक फिरवितो व ट्रिगर ओढतो. ट्रान्समीटर या हालचालींचे रेडिओ संदेशात रूपांतर करतो. ट्रकमधील रिसीव्हर हा संदेश ग्रहण करून त्याचे विद्युत स्पंदांत रूपांतर करतो. हे स्पंद दोन ठिकाणी जातात : पुढची चाके वळविणाऱ्या सर्व्हो मोटारीकडे आणि मुख्य मोटारीचा वेग ठरविणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलरकडे, ज्याला व्यवहारात ईएससी म्हटले जाते.

या साखळीतील दोन दुव्यांमधील फरक लक्षात घेणे अत्यंत आवश्यक आहे. रिसीव्हर व सर्व्हो यांच्यातील दुवा जवळजवळ सर्व कंपन्यांत समान आहे. येथे तीन तारा असतात : ऋण, धन व संदेश. साधारणतः दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठविला जातो. स्पंदाची लांबी १.५ मिलिसेकंद असल्यास सर्व्हो मध्यभागी राहतो, १ मिलिसेकंदाकडे गेल्यास एका बाजूस व २ मिलिसेकंदांकडे गेल्यास दुसऱ्या बाजूस वळतो. ईएससीसाठीही हाच संकेत लागू असून मध्य म्हणजे थांबा, एक टोक म्हणजे पुढे पूर्ण वेग व दुसरे टोक म्हणजे ब्रेक अथवा मागे असा अर्थ होतो. त्यामुळे एका कंपनीचा सर्व्हो दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरला सहसा विनासायास जोडता येतो.

याउलट ट्रान्समीटर व रिसीव्हर यांच्यातील दुवा बहुतांशी प्रत्येक कंपनीचा खासगी असतो. दोघेही २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातच बोलत असले तरी त्यांची सांकेतिक भाषा वेगळी असते. फ्लायस्काय कंपनीची एएफएचडीएस, फुताबाची एफएएसएसटी व टी-एफएचएसएस, स्पेक्ट्रमची डीएसएम या अशा भाषा, म्हणजेच प्रोटोकॉल, होत. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतही ही भाषा बदलते. उदाहरणार्थ, फ्लायस्कायची एएफएचडीएस व तिच्यानंतर आलेली एएफएचडीएस-२ए या परस्परांशी जुळत नाहीत.

रिसीव्हर हा एका अर्थाने दुभाषा आहे. त्याला एका बाजूस खासगी भाषा समजते आणि दुसऱ्या बाजूस तो सर्वांना कळणारी भाषा बोलतो. बोलणारा बदलला की दुभाषाही बदलावा लागतो. ऐकणारे, म्हणजे सर्व्हो व ईएससी, तेच राहू शकतात. 'दोन्ही २.४ गिगाहर्ट्झचेच आहेत, म्हणजे चालेल' या समजुतीवर केलेली खरेदी याच कारणाने वाया जाते.

४. जुनी व नवी वारंवारता व्यवस्था

जुन्या ट्रकमध्ये २७ मेगाहर्ट्झ पट्टा वापरला जात असे. त्यात २६.९९५ पासून २७.२५५ मेगाहर्ट्झपर्यंत सहा ठरावीक वारंवारता असून प्रत्येकीस तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा व निळा असे रंग दिलेले होते. ट्रान्समीटर व रिसीव्हर या दोहोंमध्ये बदलता येण्याजोगा क्रिस्टल असे. दोन चालकांचे क्रिस्टल एकाच रंगाचे असले तर एकाच्या आज्ञेने दुसऱ्याचे वाहन धावू लागे. म्हणून शर्यतीपूर्वी कोण कोणत्या रंगावर आहे हे ठरवून घ्यावे लागे.

२.४ गिगाहर्ट्झ व्यवस्थेत ही अडचण उरली नाही. येथे ट्रान्समीटर व रिसीव्हर एकदा परस्परांशी बांधले जातात. या क्रियेस 'बाइंडिंग' म्हणतात. त्यानंतर रिसीव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरची ओळख-संख्या असलेला संदेश स्वीकारतो. शिवाय बहुतेक प्रणालींत संदेश एका वारंवारतेवर स्थिर न राहता पट्ट्यातील अनेक वारंवारतांवर वेगाने उड्या घेत जातो. त्यामुळे त्याच पट्ट्यात वाय-फाय व ब्ल्यूटूथ कार्यरत असूनही नियंत्रण टिकून राहते.

तरंगलांबीतील फरकाचा परिणाम अँटेनावरही होतो. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ११ मीटर, तर २.४ गिगाहर्ट्झची सुमारे साडेबारा सेंटिमीटर आहे. नव्या रिसीव्हरच्या अँटेना-तारेचे शेवटचे सुमारे ३ सेंटिमीटर, म्हणजे पाव तरंगलांबीचे टोक, हाच कार्यरत भाग असतो. तो कापू नये, दुमडू नये आणि मोटारीच्या तारांपासून व धातू अथवा कार्बन फायबरच्या पट्ट्यांपासून दूर ठेवावा.

जुन्या २७ मेगाहर्ट्झ संचातील ट्रान्समीटर बिघडला असल्यास त्याच प्रकारचा जुना ट्रान्समीटर शोधत बसण्यापेक्षा २.४ गिगाहर्ट्झची पूर्ण जोडी घेणे सर्व दृष्टींनी श्रेयस्कर होय.

५. खरेदीपूर्व निदान

ट्रान्समीटर खरोखरच निकामी झाला आहे काय, याची खात्री प्रथम करावी. अनेकदा दोष किरकोळ असतो. सेल दीर्घकाळ आत राहिल्याने त्यातील द्रव झिरपून पत्र्याच्या संपर्कपट्ट्या गंजतात. अशा पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केल्यास यंत्र पूर्ववत चालते. चाके स्थिर न राहता थरथरत असतील तर स्टिअरिंगच्या चाकाखालील पोटेन्शिओमीटर झिजलेला अथवा धुळीने भरलेला असू शकतो. ट्रान्समीटरचा दिवा लागतो पण ट्रक प्रतिसाद देत नाही, अशा वेळी उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे बाइंडिंग पुन्हा करून पाहावे.

दोष कोणत्या बाजूस आहे हे ओळखण्याची सोपी पद्धत म्हणजे रिसीव्हरवरील दिवा पाहणे. ट्रकची बॅटरी जोडूनही रिसीव्हरचा दिवा लागत नसेल तर ईएससीकडून रिसीव्हरला विद्युतपुरवठा होत नाही, असा तर्क करता येतो. अशा वेळी ट्रान्समीटर बदलून काहीही साध्य होत नाही. कार्यशाळेतील साध्या मल्टिमीटरने रिसीव्हरच्या धन व ऋण टोकांमधील व्होल्टता मोजल्यास याची निश्चिती होते.

निदानानंतर ट्रान्समीटरच सदोष ठरला व रिसीव्हर चांगला असला, तर मूळ कंपनीचा तोच ट्रान्समीटर सुटा मिळतो काय हे पाहावे. तो वाजवी दरात मिळाल्यास पुढील सर्व खटाटोप टळतो. न मिळाल्यास जोडी बदलण्याचा विचार करावा.

६. वाहनाचा प्रकार ओळखणे

पर्यायी जोडी बसविता येईल की नाही, हे ट्रकच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून असते. या दृष्टीने ट्रकचे तीन प्रकार करता येतात.

पहिल्या प्रकारात रिसीव्हर, ईएससी व सर्व्हो हे तिन्ही भाग सुटे असतात. ट्रॅक्सस स्लॅश हे याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या एक्सएल-५ या ईएससीमधून व सर्व्होमधून तीन तारांचे जोड निघून रिसीव्हरमध्ये जातात. ते काढून नव्या रिसीव्हरमध्ये घातले की काम झाले. मात्र या ट्रकमधील रिसीव्हर पाणी व धूळ रोखणाऱ्या झाकणबंद डबीत बसविलेला असतो. नव्या रिसीव्हरची लांबी-रुंदी त्या डबीत मावेल अशी असावी, हे आधी मोजून घ्यावे.

दुसऱ्या प्रकारात रिसीव्हर व ईएससी एकाच पाटीवर एकत्र असतात. छोट्या आकाराच्या व स्वस्त ट्रकमध्ये ही रचना आढळते. येथे केवळ रिसीव्हर बदलणे शक्य नसते, म्हणून पाटी काढून स्वतंत्र ईएससी व स्वतंत्र रिसीव्हर बसवावा लागतो. नवा ईएससी मोटारीच्या प्रकारास, म्हणजे ब्रश असलेल्या अथवा ब्रशविरहित मोटारीस, अनुरूप असला पाहिजे.

तिसऱ्या प्रकारात याच्या जोडीला सर्व्होही अपूर्ण असतो. डब्ल्यूएल टॉइज कंपनीच्या १२४२८ सारख्या वाहनांत पाच तारांचा सर्व्हो असतो. त्यातील दोन तारा मोटारीच्या व तीन तारा स्थितिदर्शक पोटेन्शिओमीटरच्या असून सर्व्हो नियंत्रित करणारा परिपथ मुख्य पाटीवर असतो. पाटी काढली की हा सर्व्हो निरुपयोगी ठरतो व तीन तारांचा नवा सर्व्हो घ्यावा लागतो. म्हणजे ट्रान्समीटर, रिसीव्हर, ईएससी व सर्व्हो असे चार भाग बदलावे लागतात. अशा वेळी खर्च वाहनाच्या मूळ किमतीच्या जवळ जातो काय हे तपासून, उत्पादकाचाच सुटा ट्रान्समीटर मिळविणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते.

ट्रकचे वरचे आवरण उघडून तारा मोजण्याचे पाच मिनिटांचे काम खरेदीनंतर होणारा मोठा मनस्ताप टाळते.

७. निवडीचे निकष

७.१ फेलसेफ : सर्व निकषांत यास अग्रस्थान दिले पाहिजे. संपर्क तुटला असता रिसीव्हरने थ्रॉटल आपोआप थांब्याच्या अथवा ब्रेकच्या स्थितीत नेणे म्हणजे फेलसेफ. ही सोय नसल्यास अथवा चुकीची बसविली असल्यास ट्रक शेवटच्या आज्ञेनुसार धावत राहू शकतो. याचे गांभीर्य साध्या गणिताने कळते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापतो. या वेगाने होणारा आघात सुमारे ६ मीटर उंचीवरून, म्हणजे दोन मजल्यांवरून, तेच वजन खाली पडल्यासारखा असतो. एकास दहा प्रमाणातील ट्रकचे बॅटरीसह वजन अडीच किलोच्या आसपास भरते. महाविद्यालयाच्या प्रांगणात, प्रेक्षकांच्या पायांच्या उंचीवर धावणाऱ्या अशा वस्तूस खेळणे म्हणून चालणार नाही. म्हणून ज्या रिसीव्हरमध्ये थ्रॉटलचा फेलसेफ वापरणाऱ्यास स्वतः निश्चित करता येतो, तोच विचारात घ्यावा.

७.२ रिसीव्हरची किंमत व उपलब्धता : ट्रान्समीटर सहसा एकच लागतो, रिसीव्हर मात्र प्रत्येक वाहनात एक लागतो व पाणी, चिखल आणि आदळआपट यांमुळे तोच अधिक वेळा खराब होतो. ज्या प्रणालीचे रिसीव्हर देशांतर्गत विक्रेत्यांकडे सहज मिळतात तीच दीर्घकाळ स्वस्त पडते. प्रणाली एखाद्या कंपनीची खासगी असल्याने तिचे भवितव्यही त्या कंपनीशी बांधलेले असते. टॅक्टिक या नावाने रेडिओ संच विकणाऱ्या हॉबिको या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, ही घटना या संदर्भात बोलकी आहे.

७.३ मॉडेल मेमरी : एकाच ट्रान्समीटरवर अनेक वाहनांची स्वतंत्र मांडणी साठविण्याची ही सोय होय. प्रत्येक ट्रकची स्टिअरिंगची दिशा, मध्यबिंदू व टोके निराळी असतात. मेमरी नसल्यास वाहन बदलताना प्रत्येक वेळी सर्व मांडणी नव्याने करावी लागते. एकाहून अधिक ट्रक असलेल्या विभागास ही सोय अत्यावश्यक आहे.

७.४ दिशा-बदल व टोकमर्यादा : स्टिअरिंग व थ्रॉटल यांची दिशा उलट करण्याची सोय असलीच पाहिजे, कारण वेगवेगळ्या कंपन्यांत थ्रॉटलची दिशा परस्परविरुद्ध असू शकते. टोकमर्यादा, म्हणजे एंड पॉइंट, प्रत्येक बाजूस स्वतंत्रपणे ठरविता यावी. ती नसल्यास चाके यांत्रिक अडथळ्यापर्यंत पोहोचल्यानंतरही सर्व्हो जोर लावत राहतो, तापतो व अखेरीस जळतो.

७.५ चॅनेलांची संख्या : सामान्य ट्रकला दोनच चॅनेल लागतात. तिसरा चॅनेल दिवे अथवा गिअर बदलण्यासाठी उपयोगी पडतो. खडकांवर चढणाऱ्या क्रॉलर प्रकारातील ट्रकमध्ये दोन्ही डिफरन्शियल लॉक, गिअर व विंच यांसाठी चार ते सहा चॅनेलांची गरज भासते. जाहिरातीत चॅनेलांच्या संख्येवर भर दिलेला असतो, परंतु न वापरलेल्या चॅनेलासाठी मोजलेले पैसे वायाच जातात.

७.६ हाताळणी : जमिनीवरील वाहनांसाठी पिस्तुलाच्या आकाराचा, चाक व ट्रिगर असलेला ट्रान्समीटर सोयीचा असतो. तथापि अनेक महाविद्यालयांच्या रोबोटिक्स विभागात फ्लायस्कायचा एफएस-आय६ हा दोन काड्यांचा ट्रान्समीटर आधीच असतो. तो ट्रकसाठी वापरता येतो. केवळ रिसीव्हर घ्यावा लागतो. मात्र विमानासाठी असलेली थ्रॉटलची काडी सोडल्यावर मध्यावर परत येत नाही. म्हणून तिसऱ्या चॅनेलऐवजी दुसरा चॅनेल ईएससीस जोडावा. त्याची काडी स्प्रिंगमुळे मध्यावर परतते व हात सुटताच ट्रक थांब्याच्या स्थितीत येतो. पहिल्या चॅनेलवर स्टिअरिंग व दुसऱ्यावर थ्रॉटल असा क्रम ठेवल्यास हा प्रश्न सुटतो.

७.७ व्होल्टता : रिसीव्हरला विद्युतपुरवठा ईएससीमधील बीईसी या परिपथातून होतो व तो सामान्यतः ५ किंवा ६ व्होल्ट असतो. काही ईएससी ७.४ व्होल्ट अथवा त्याहून अधिक पुरवठा देऊ शकतात. नव्या रिसीव्हरची कमाल मर्यादा व सर्व्होची मर्यादा या दोन्ही तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नये.

८. खर्चाची तुलना

खरेदीसाठी तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता करण्याची पद्धत आपल्या महाविद्यालयांत रूढ आहे. ही पद्धत योग्य असली तरी मागणीपत्रात 'ट्रान्समीटर – नग १' एवढाच उल्लेख असल्यास तक्ता दिशाभूल करणारा ठरतो. विक्रेत्याने सर्वांत कमी दर दिला, परंतु त्या प्रणालीचा रिसीव्हर महाग असला, तर न्यूनतम दराचे दरपत्रकच प्रत्यक्षात सर्वाधिक खर्चाचे ठरू शकते.

यासाठी साधे सूत्र वापरावे. एकूण खर्च म्हणजे ट्रान्समीटरची किंमत, अधिक वाहनांची संख्या गुणिले एका रिसीव्हरची किंमत. केवळ उदाहरणादाखल काल्पनिक दर घेऊ. 'अ' प्रणालीचा ट्रान्समीटर ३,५०० रुपये व रिसीव्हर ९०० रुपये आहे. 'ब' प्रणालीचा ट्रान्समीटर २,५०० रुपये व रिसीव्हर २,२०० रुपये आहे. एकच ट्रक असल्यास 'अ' चा खर्च ४,४०० व 'ब' चा ४,७०० रुपये, म्हणजे जवळपास सारखाच. चार ट्रक असल्यास मात्र 'अ' चा खर्च ७,१०० रुपये, तर 'ब' चा ११,३०० रुपये होतो. ट्रान्समीटरच्या किमतीत 'ब' एक हजाराने स्वस्त असूनही एकूण खर्चात तो ४,२०० रुपयांनी महाग पडतो. यात एक जादा रिसीव्हर राखीव म्हणून धरल्यास हा फरक आणखी वाढतो.

म्हणून मागणीपत्रात ट्रान्समीटर, आवश्यक तेवढे रिसीव्हर, एक राखीव रिसीव्हर व सेल अथवा चार्जर अशा पूर्ण संचाचा दर मागवावा, प्रोटोकॉलचे नाव नमूद करावे आणि 'फेलसेफची सोय आवश्यक' ही अट लिहावी.

९. उपलब्ध पर्यायांचे स्वरूप

किफायतशीर गटात काही नावे वारंवार पुढे येतात. फ्लायस्कायचा एफएस-जीटी३बी हा तीन चॅनेलांचा व दहा मॉडेलांच्या मेमरीचा ट्रान्समीटर एके काळी या गटाचा मानदंड होता. तो पहिल्या पिढीच्या एएफएचडीएस प्रणालीवर चालत असल्याने आज तो जुन्या बाजारात मिळाला तरी रिसीव्हर त्याच पिढीचे घ्यावे लागतात. याच कंपनीचा एफएस-जीटी५ हा सहा चॅनेलांचा असून एएफएचडीएस-२ए प्रणाली वापरतो. त्याच्यासोबत येणाऱ्या एफएस-बीएस६ रिसीव्हरमध्ये जायरोची सोय आहे. डम्बोआरसीचा एक्स६ व रेडिओलिंकचा आरसी४जीएस हेही याच वर्गात मोडतात. रिसीव्हरमधील जायरो हा निसरड्या जागी ट्रकची दिशा टिकविण्यास मदत करतो. तो उपयुक्त असला तरी अनिवार्य नाही.

फुताबा, सान्वा व स्पेक्ट्रम यांचे संच दर्जाने वरचढ मानले जातात. शर्यतीत उतरणाऱ्यास त्यांचा जलद प्रतिसाद मोलाचा वाटतो, परंतु प्रात्यक्षिकासाठी व छंदासाठी तो फरक निर्णायक नसतो.

तिसरा मार्ग बहुप्रणाली ट्रान्समीटरचा आहे. रेडिओमास्टरचा एमटी१२ हा पिस्तुलाकृती ट्रान्समीटर एजटीएक्स या मुक्तस्रोत आज्ञावलीवर चालतो व त्याच्या एका आवृत्तीत अनेक कंपन्यांच्या भाषा बोलणारे मॉड्यूल असते. निरनिराळ्या प्रणालींचे रिसीव्हर आधीच जमा असलेल्या विभागास तो एकच ट्रान्समीटर पुरेसा ठरू शकतो. मात्र त्याची मांडणी शिकून घ्यावी लागते. ती शिकवू शकणारी व्यक्ती विभागात कायम असेल काय, हा प्रश्नही किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

१०. परवाना व आयात

भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली. त्यामुळे असा ट्रान्समीटर वापरण्यासाठी प्रत्येक चालकास स्वतंत्र परवाना घ्यावा लागला नाही. तथापि बिनतारी उपकरण भारतात आणताना दूरसंचार विभागाच्या उपकरण-प्रकार मान्यतेचा प्रश्न उपस्थित होतो. परदेशी संकेतस्थळावरून थेट मागविलेला संच स्वस्त दिसला तरी सीमाशुल्क कार्यालयात अडकण्याची शक्यता, शुल्क व परतीची गैरसोय यांचा विचार करता देशांतर्गत विक्रेत्याकडून पक्क्या पावतीसह केलेली खरेदी संस्थेसाठी हितावह ठरते.

११. जोडणी व चाचणी

जोडणीपूर्वी ट्रक ठोकळ्यावर अशा रीतीने ठेवावा की चारही चाके अधांतरी राहतील. त्यानंतर पुढील क्रम पाळावा :

१) स्टिअरिंगचा जोड पहिल्या व ईएससीचा जोड दुसऱ्या चॅनेलमध्ये घालावा. काळी अथवा तपकिरी तार ऋण बाजूस येईल याची खात्री करावी.
२) उत्पादकाच्या सूचनेनुसार बाइंडिंग करावे.
३) ईएससीला नव्या ट्रान्समीटरची ओळख करून द्यावी, म्हणजे थांबा, पूर्ण पुढे व पूर्ण मागे या तीन स्थिती शिकवाव्यात. एक्सएल-५ सारख्या ईएससीत त्यासाठी बटण असते. ही पायरी वगळल्यास ट्रक थांब्याच्या स्थितीतही सरकत राहतो अथवा पूर्ण वेग घेत नाही.
४) स्टिअरिंगची दिशा, मध्यबिंदू व टोकमर्यादा निश्चित करावी.
५) ट्रिगर सोडलेला असताना फेलसेफ नोंदवावा.
६) चाके मंद गतीने फिरत असताना ट्रान्समीटर बंद करून पाहावा. चाके तत्काळ थांबली पाहिजेत. न थांबल्यास तो ट्रक जमिनीवर उतरवू नये.
७) मोकळ्या मैदानात एकाने ट्रक उचलून धरावा व दुसऱ्याने ट्रान्समीटर घेऊन दूर जात नियंत्रण टिकते काय ते तपासावे. ट्रक जेवढ्या अंतरावर चालवायचा आहे त्याहून अधिक अंतरापर्यंत ही तपासणी करावी.

दैनंदिन वापरात ट्रान्समीटर प्रथम सुरू करावा व ट्रक नंतर. बंद करताना ट्रक प्रथम व ट्रान्समीटर नंतर. बाइंडिंग पुन्हा केल्यास फेलसेफची नोंद पुसली जाण्याची शक्यता असते. म्हणून प्रत्येक बाइंडिंगनंतर सहावी चाचणी नव्याने करणे बंधनकारक समजावे. विद्यार्थ्यांना ट्रक देताना ही चाचणी त्यांच्याच हातून करवून घेतल्यास ती सवय बनते.

१२. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) रेडिओ-नियंत्रित ट्रकचा ट्रान्समीटर बदलणे म्हणजे बहुधा ट्रान्समीटर-रिसीव्हर ही जोडी बदलणे होय. वारंवारता समान असणे पुरेसे नसून प्रोटोकॉल समान असणे आवश्यक आहे.
२) सर्व्हो व ईएससी सुटे असतील तर ते कायम ठेवता येतात. एकत्रित पाटी असलेल्या ट्रकमध्ये खर्च वाढतो, म्हणून रचना पाहूनच निर्णय घ्यावा.
३) निकषांचा क्रम फेलसेफ, रिसीव्हरची किंमत व उपलब्धता, मॉडेल मेमरी आणि त्यानंतर चॅनेलांची संख्या असा असावा.
४) दरपत्रके पूर्ण संचाची मागवावीत. सुट्या ट्रान्समीटरच्या दराची तुलना फसवी ठरते.
५) चाके अधांतरी ठेवून ट्रान्समीटर बंद करण्याची चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणताही ट्रक मैदानात उतरवू नये.

अनेक विभागांच्या कपाटांत आज सुस्थितीतील वाहने केवळ एका निकामी ट्रान्समीटरअभावी पडून आहेत. निर्लेखनाचा प्रस्ताव तयार करण्यापूर्वी त्यांचे आवरण उघडून आतील तारा मोजाव्यात, एवढीच या निमित्ताने प्राध्यापक बंधुभगिनींना विनंती आहे. तीन तारांचे दोन जोड सुटे आढळले, तर त्या वाहनाचे आयुष्य बहुधा संपलेले नाही.